चोवीस, पंच्याऐंशी की एकशे आठ? ताई चीचा ‘मूळ’ फॉर्म म्हणजे नक्की कोणता?

पेठेतल्या_बाई

नमस्कार मंडळी. मी निवृत्त शिक्षिका, राहायला मंगळवार पेठेत, वय एकसष्ट. योगासनं बरीच वर्षं केली, पण गुडघे कुरकुरायला लागले तसं वज्रासन, पद्मासन एकेक करून सुटलं. मग लेकीनं बंगळूरहून ताई चीचे, म्हणजे चिनी युद्धकलेतून आलेल्या सावकाश हालचालींच्या व्यायामाचे, व्हिडिओ पाठवले आणि मी त्यात रमले. २४ हालचालींचा जो फॉर्म सगळीकडे दिसतो, तो आता मोबाईल न बघता पुरा होतो. सकाळी रंकाळ्यावर, शालिनी पॅलेसच्या बाजूला करते. फिरायला येणारे वळून वळून बघतात, त्याची आता सवय झाली.

घोळ असा झालाय, की एका ग्रुपवर मी माझा व्हिडिओ टाकला. एका गृहस्थांनी लगेच लिहिलं, “हा सरकारी फॉर्म. चीनच्या क्रीडा खात्यानं बसवलेला. खरं शिकायचं तर १०८ शिका.” त्यावर दुसरे म्हणाले, १०८ तर यांग घराण्याचा, तोच मुळात पातळ केलेला, अस्सल ते चेन घराण्याचं. तिसऱ्यांनी सगळंच वुडांग डोंगरावरच्या एका साधूच्या नावावर टाकून दिलं. मी १०८ शोधायला गेले, तर तोच फॉर्म कुणी ८५ म्हणतंय, कुणी १०३. चेनचा व्हिडिओ लावला तर माणूस मध्येच उडी मारतो आणि धाडकन पाय आपटतो. माझ्या गुडघ्यांनी तिथंच हात जोडले.

तर मी शिकते आहे ते नकली आहे का? आणि पुढं काही शिकायचंच असेल तर काय घ्यावं? मुलांना इतकी वर्षं सनावळ्या शिकवल्या, त्यामुळं नुसतं “हे जुनं, ते नवं” म्हटलेलं मला पटत नाही. कधी, कुणी आणि का बदललं, ते कुणी सांगेल का?

नादखुळा_७७

बाई, एकसष्टाव्या वर्षी न बघता पुरा फॉर्म! आमच्या गल्लीतली पोरं जिमची वर्षाची फी भरतात आणि पहिल्या आठवड्यात घरी बसतात. मला त्यातलं काय कळत नाही, पण इथं सिंगापूरला शिकून आलेले एक काका आहेत, ते उगवतीलच. तोवर तुम्ही त्या ग्रुपमधनं बाहेर पडा बघू.

लाल_माती

उगवलो.

आधी माझं सांगतो, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. पोरवय शिवाजी पेठेत तालमीत गेलं. कुस्ती सुटल्यावर उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो आणि तिथनं सिंगापूरला शिपयार्डात गेलो. तिथल्या सरकारी इमारतींना तळमजल्यावर घरं नसतात, नुसते खांब आणि मोकळी जागा. पहाटे तिथं म्हातारी मंडळी जमायची. त्यातल्या एका निवृत्त टॅक्सीवाल्यानं मला यांग घराण्याचा लांब फॉर्म शिकवला. इंग्रजी त्याचं यथातथा, माझंही तसंच. चुकलो की तो कोपर धरून वळवायचा, एवढीच आमची भाषा. इकडं आल्यावर चेनचा जुना फॉर्म, लाओ ज्या, शिबिरांतून उचलला. तेव्हा दोन्हीकडचं थोडं थोडं ठाऊक आहे.

बाई, आकड्यांचा गुंता आधी सोडवू, तो सगळ्यात सोपा. ८५, १०३, १०८ हे वेगळे फॉर्म नव्हेत. यांग चंगफूंचा एकच लांब फॉर्म आहे, त्याच्या शिष्यांनी तो वेगवेगळा मोजला. ‘चिमणीची शेपूट धरणे’ ही सुरुवातीची हालचाल चार भागांची असते: हात वर फुगवून घेणं, मागं ओढणं, दाबणं, ढकलणं. कुणी ती एक धरतो, कुणी फोडून मोजतो. ‘ढगासारखे हात’ तीन जागी येतात, ते तीनदा करायचे की पाचदा यावरही गाडी अडते. फू चोंगवेन यांच्या मोजणीत ८५ येतात, चंगफूंचे चिरंजीव यांग चनत्वो यांच्या मोजणीत १०३. मोजणारा बदलला की आकडा बदलतो. १०८ म्हटलं की जरा सोवळं वाटतं, एवढंच.

आता सनावळी. ‘का’ विचारलंत ते बरं केलंत, कारण कुणी, कधी हे तर कुठंही मिळतं.

हनान प्रांतात चेनजियागोउ नावाचं गाव आहे, चेन घराण्याचं. सतराव्या शतकात, मिंग राजवट बुडाली त्या सुमाराचा, चेन वांगथिंग हा तिथला लढवय्या. आज बहुतेक अभ्यासक ताई चीचा माग त्याच्यापर्यंत नेतात. त्याच्याही आधी छी जीक्वांग नावाचा मिंग सेनापती होऊन गेला. त्यानं १५६० च्या सुमारास सैनिकी शिक्षणावर ग्रंथ लिहिला, त्यात हातघाईच्या लढाईचे ३२ पवित्रे चित्रांसह दिलेत. त्यांतले बरेचसे चेनच्या फॉर्ममध्ये नावासकट सापडतात. पुढं चौदाव्या पिढीत चेन चांगशिंग (१७७१–१८५३) झाले. घराण्यात चालत आलेले बरेच संच त्यांनी दोनांत बांधले, असं मानतात. पहिला सावकाश आणि मधूनच फटकारणारा, दुसरा पुरता धडाक्याचा, तोफेच्या नावाचा. मी शिकलो तो लाओ ज्या म्हणजे यातला पहिला.

या चांगशिंगांकडं बाहेरगावचा एक माणूस शिकला: यांग लूचान (१७९९–१८७२), हपेई प्रांतातल्या योंगन्येनचा. तो पुढं राजधानीत गेला आणि मांचू सरदारांना शिकवू लागला. लांब झगे घालणाऱ्या त्या मंडळींसाठी त्यानं उड्या आणि आपटणं गाळलं, अशी गोष्ट सांगतात. खरी असेल, नसेल. फॉर्म मऊ करायचं मोठं काम नातवानं केलं, ते म्हणजे यांग चंगफू (१८८३–१९३६). १९२८ साली ते दक्षिणेत शांघायला गेले. तिथं शिकायला येणारे व्यापारी, प्राध्यापक, कचेरीतले लोक. त्यांना कुणाशी मारामारी करायची नव्हती, तब्येत सुधारायची होती. फॉर्म मोठा, एकसारखा, न थांबता वाहणारा झाला. लाथासुद्धा सावकाश. त्यांच्या हयातीतच, १९३४ मध्ये, त्याचं पुस्तक निघालं आणि तोच ‘पारंपरिक यांग’ ठरला. तुमच्या त्या गृहस्थांचा अस्सल १०८ म्हणजे हा. विसाव्या शतकातला!

गंमत बघा. त्याच १९२८ साली चेन घराण्यातले चेन फाखे बीजिंगला आले. तोवर तिथल्या लोकांना ताई ची म्हणजे यांग आणि त्यातून निघालेलं वू एवढंच ठाऊक. फाखेंचं आपटणं, झटके, उड्या बघून हे कसलं ताई ची असं लोकांना वाटलं. म्हणजे थोरला भाऊ उशिरा आला आणि त्यालाच नवखा ठरवला. त्यात फाखेंच्या शाखेच्या फॉर्मला आज गावात ‘नवा’ म्हणतात. घ्या, जुनं कुठलं आणि नवं कुठलं!

तुमचा २४ हा १९५६ चा. चीनच्या क्रीडा आयोगानं जाणकार बसवून यांगच्या लांब फॉर्ममधनं काढला, हे त्या गृहस्थांचं बरोबर आहे. पण काय केलं ते बघा. वीस-पंचवीस मिनिटांचा फॉर्म पाच-सहा मिनिटांवर आणला, पुन्हा पुन्हा येणारं काढून टाकलं आणि क्रम सोप्याकडून अवघडाकडं लावला. लांब फॉर्म त्या चिमणीच्या शेपटीनं सुरू होतो, तीच नवशिक्याला जड जाते. तुमच्या २४ मध्ये आधी ‘घोड्याची आयाळ विंचरणे’ येतं, शेपूट मागाहून. आणि लांब फॉर्ममध्ये शेपूट उजवीकडंच धरतात. २४ मध्ये डावी-उजवी दोन्ही घातली, अंग सारखं वळावं म्हणून. शिकवणाऱ्यानं डोकं लावून केलेलं काम आहे ते. शाळेत तुम्ही पाठ्यपुस्तकाचा क्रम बदलून शिकवला असेलच की.

कोल्हापुरात हे कळायला जड जाऊ नये. लाल मातीतली कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती. माती म्हणजे निकाल लागेपर्यंत, घड्याळ नाही. मॅटवर तीन-तीन मिनिटं आणि गुणांचा हिशेब. जुनी खोडं म्हणायची, मॅट म्हणजे कुस्तीच नव्हे. पण खाशाबा जाधव इथं राजाराम कॉलेजात शिकले, मातीत घडले आणि १९५२ ला हेलसिंकीत मॅटवर पदक घेऊन आले. डाव तेच. मुदत आणि जमीन बदलली की त्यातले कुठले ठेवायचे, कुठले बाजूला सारायचे, हे बदलतं.

एक हालचाल घेऊन दाखवतो, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. ‘सोनेरी कोंबडा एका पायावर उभा’. तुमच्या २४ मध्ये साप जमिनीलगत सरपटतो, त्याच्या लगेच पुढं येतो. छी जीक्वांगच्या ३२ पवित्र्यांत हा दुसराच आहे. तिथं तो उसळून उठतो, पाय आणि आडवी मूठ जोडीनं काम करतात. चेनच्या लाओ ज्यात गुडघा वर जातो तसा तळहात डोक्यावर ढकलला जातो आणि मग पाय दणकन खाली. टॅक्सीवाल्या म्हाताऱ्यानं माझा गुडघा स्वतःच्या पोटाला लावून आणि माझा तळहात स्वतःच्या हनुवटीखाली ठेवून दाखवलं होतं: समोरच्याची मान मागं जाते, पोट उघडं पडतं, तिथं गुडघा. यांगमध्ये हेच सगळं आहे, फक्त पाय मांजरासारखा टेकतो. तुमच्या २४ मध्येही आहे. उद्या सकाळी कराल तेव्हा बघा, वरचा हात कोपरातून वाकलेला आणि बरोबर गुडघ्याच्या वर असेल. तो तिथं का, हे कळल्यावर हात आपोआप जागेवर बसतो. न कळता केला की लोंबकळतो.

आणि “व्यायाम झाला हो, लढाई गेली” म्हणणाऱ्यांसाठी: त्या छी जीक्वांगनंच लिहून ठेवलंय, की मोठ्या लढाईत या हातघाईच्या विद्येचा फारसा उपयोग नाही, पण हातपाय मोकळे होतात, अंगाला सवय लागते, म्हणून नव्या शिपायानं इथून सुरुवात करावी. पावणेपाचशे वर्षांपूर्वी, सेनापतीनं.

माझं मत विचाराल तर मूळ फॉर्म नावाचा प्राणी नाही. प्रत्येक फॉर्म कुणीतरी, समोरच्या विद्यार्थ्यांकडं बघून कापलेला आहे. म्हणून वंशावळ बघू नका, तुमचं कोपर धरून वळवणारं कोण मिळतं ते बघा. मिळालं तर यांगचा लांब फॉर्म घ्या. २४ मधलं बरंचसं त्यात आहेच, आणि तेच तेच पुन्हा येतं तेव्हा, तिसऱ्या खेपेला, पहिल्या दोन वेळा काय निसटलं ते कळतं. २४ मध्ये ती सोय कापली गेली, माझी त्याच्याबद्दल एवढीच तक्रार. चेन शिकायची गरज नाही, पण अधूनमधून बघत जा. मऊ फॉर्ममध्ये जे पोटात गेलंय ते तिथं उघड दिसतं.

करवीर_इतिहास

माहिती छान, पण एक मोठी गोष्ट राहिली. हे सगळं मुळात आपलंच आहे ना? बोधिधर्म कांचीपुरमहून गेला, त्यानं शाओलिनच्या भिक्षूंना शिकवलं आणि त्यातूनच ताई ची निघालं. काकांनी त्याचं नावही घेतलं नाही.

लाल_माती

मुद्दामच घेतलं नाही. बोधिधर्म हा ध्यानपरंपरेचा आचार्य, तिथं त्याचा मान मोठा. पण त्यानं व्यायाम शिकवला असं सांगणारा जो ‘स्नायुपरिवर्तना’चा ग्रंथ आहे, तो १६२४ चा. म्हणजे तो गेल्यावर हजारेक वर्षांनी कुणीतरी त्याच्या नावावर खपवलेला. शिवाय शाओलिन वेगळं, चेन घराणं वेगळं.

वुडांगच्या साधूचंही तेच. चांग सानफंग आणि युद्धकला हे नातं पहिल्यांदा दिसतं ते १६६९ च्या एका समाधिलेखात, आणि तिथंही ताई चीचं नाव नाही. ते त्याच्याशी जोडलं गेलं फार पुढं. थांग हाओ नावाच्या वकिलानं १९३० च्या दशकात चेनजियागोउत जाऊन कागदपत्रं धुंडाळली आणि या कथा मोडीत काढल्या. त्याबद्दल त्याला शिव्याही भरपूर पडल्या. मारुतीरायाला हात जोडून आखाड्यात उतरतो म्हणून ढाक हा डाव मारुतीनं शोधून काढला असं आपण म्हणत नाही.

फिजिओ_राजारामपुरी

बाई, इतिहासातलं मला कळत नाही, गुडघ्याचं सांगते. ताई ची सोडू नका. गुडघ्याच्या संधिवातावर २०१६ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, २०४ रुग्णांवर. अर्ध्यांना आठवड्यातून दोनदा असं १२ आठवडे यांग पद्धतीचं ताई ची दिलं, अर्ध्यांना नेहमीची फिजिओथेरपी. दुखणं दोन्हीकडं सारखंच कमी झालं. आमच्या धंद्याला फारसं सोयीचं नाही, पण आहे ते आहे.

फक्त तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेलाच वाकला पाहिजे, आत कलता कामा नये. बोटांच्या पुढं जाऊ देऊ नका. आणि पाऊल वळवायचं असेल तर आधी त्यावरचं वजन काढा, मग वळवा. वजन ठेवून पाऊल रगडत फिरवलं की पीळ थेट गुडघ्यात जातो. खाली किती बसायचं याची कुणाशी शर्यत नाही. साप सरपटतो तिथं तुम्ही अर्ध्यावरच उठलात तरी चालेल. एका पायावर उभं राहताना सुरुवातीला कठडा हाताशी असू द्या. एकदा मात्र दवाखान्यात येऊन गुडघे दाखवून घ्या, लिहून सगळं कळत नाही.

पेठेतल्या_बाई

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी! आज सकाळी कोंबड्याचा हात बघितला. माझा चक्क बाहेरच्या बाजूला लोंबत होता. गुडघ्याच्या वर आणल्याबरोबर तोलही बरा राहिला, आणि ते हनुवटीचं डोक्यात आल्यावर एकटीच हसत सुटले. शेजारून जाणाऱ्या आजोबांनी “बरं आहे ना?” विचारलं.

काका, एक शंका. फिजिओताई म्हणतात वजन काढून पाऊल वळवा. माझ्या व्हिडिओतले गुरुजीही आधी मागं बसतात, पुढचा चवडा उचलतात, वळवतात आणि मग पुढं जातात. पण लांब फॉर्मच्या एका व्हिडिओत तसं मागं बसणं दिसत नाही, पुढच्या पुढंच वळतात. मग बरोबर कोण? आणि तुम्ही शिकवता का?

लाल_माती

दोन्ही बरोबर. २४ मध्ये मागं बसणं शिकवतात, नवख्याच्या गुडघ्याला ते सोयीचं. पारंपरिक यांगच्या बऱ्याच शाखांत मागं न बसता, कंबर वळते तसं पाऊल जरासं हलकं करून फिरवतात. वाटेत दम घ्यायला जागा नसते, मांड्या पेटतात. तुमच्या गुडघ्यांना मागं बसणंच ठीक. लांब फॉर्म शिकलात तरी ते सोडू नका. कुणी “हे यांग नव्हे” म्हणालं तर त्याला आधी त्याचे गुडघे विचारा.

शिकवतो असं म्हणणार नाही. रविवारी सकाळी रंकाळ्यावर करत असतो, एक-दोघं येतात, तुम्हीही या. शेपटीचे चार भाग घेऊ, तेवढ्यातच सकाळ जाईल. नंतर मी तुमच्यासमोर उभा राहून हलकंसं ढकलेन आणि तुम्ही मला. जोडीनं ढकलण्याचा तो सराव केल्याशिवाय त्या चार भागांचा अर्थ लागत नाही. मिस्टरांना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन या. येताना ते जाड तळाचे रनिंगचे बूट नकोत, पातळ तळाचे साधे कॅनव्हासचे घाला. जमीन पायाला लागली पाहिजे.

नादखुळा_७७

काका, मी आलो तर चालेल का? ढकलायचं म्हटल्यावर जरा इंटरेस्ट आला.

लाल_माती

ये की. पण आधी चार रविवार नुसतं उभं राहायचं, ढकलायचं नंतर.